नागपूरच्या हवेत पाईप तंबाखूची चव : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

पाईप तंबाखूच्या डब्यावरचे वर्णन वाचून नवखा माणूस मनुका, अंजीर, कोको, भाजलेल्या पावाचा खमंगपणा अशा चवींची अपेक्षा धरतो, आणि पहिल्याच पाईपला त्याच्या वाट्याला गरम वाफ, चुरचुरणारी जीभ आणि राखेचा कडवटपणा येतो. येथे बहुतेक जण मिश्रणाला दोष देतात आणि दुसरा डबा शोधू लागतात. माझ्या मते दोष मिश्रणाचा क्वचितच असतो. तंबाखूत ओलावा किती शिल्लक आहे आणि ती किती संथपणे ओढली जाते, या दोन गोष्टींवर चवीचा बहुतांश भाग अवलंबून असतो. मे महिन्यातली दुपारची हवा जिथे कोरडी ठक्क असते आणि जुलैत कपाटातल्या कपड्यांनाही दमट वास येतो, अशा नागपुरात हा हिशेब मुंबईच्या किंवा इंग्लंड-डेन्मार्कच्या सल्ल्यावर विसंबून करता येत नाही. तो येथल्या ऋतूंप्रमाणेच करावा लागतो.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. पाईपचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. ओठ, तोंड, घसा, अन्ननलिका आणि फुप्फुस यांच्या कर्करोगाशी पाईपचा संबंध सिद्ध झालेला आहे आणि निकोटिनची सवय पाईपनेही लागते. जो आज तंबाखूपासून दूर आहे, त्याने निव्वळ चवीच्या कुतूहलापोटी सुरुवात करू नये, असे मला मनापासून वाटते. हा लेख ज्यांनी हे सर्व जाणून आपला निर्णय आधीच घेतला आहे अशा प्रौढ वाचकांसाठी आहे. त्यांनी कमी ओढावे, क्वचित ओढावे, आणि जे ओढतील ते लक्ष देऊन ओढावे. विदर्भात खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी, चुना आणि तंबाखू घोटून केलेल्या मिश्रणाची, सवय असलेलेही अनेक जण पाईपकडे वळू पाहतात. चुना आणि सुपारी यांनी ज्याची जीभ आणि गाल सोलवटलेले आहेत, त्याला मिश्रणातले बारकावे कळणे कठीणच. शिवाय दोन्ही व्यसने एकत्र चालवणे हे शरीरावर दुहेरी संकट ओढवून घेणे आहे.

मिश्रणात काय असते

पाईप तंबाखूचे मिश्रण मोजक्याच प्रकारच्या पानांतून तयार होते आणि ती पाने नाकाने ओळखता येऊ लागली की डब्यावरच्या वर्णनाची गरज उरत नाही. सर्वांत आधी व्हर्जिनिया. हे पान बंद कोठारात, नळ्यांतून फिरवलेल्या गरम हवेवर वाळवतात. त्यामुळे पानातले स्टार्च साखरेत बदलते आणि ती साखर पानात टिकून राहते. पिवळ्या व्हर्जिनियाला वाळलेल्या तणसाचा आणि लिंबाच्या सालीचा वास येतो. अधिक पिकलेल्या तांबूस व्हर्जिनियात पाव, काकवी, सुकवलेले अंजीर अशा गडद छटा असतात. आपल्या देशात हे पान आंध्र प्रदेशात आणि कर्नाटकात म्हैसूरच्या भागात पिकते, आणि त्याचा व्यापार गुंटूर येथील तंबाखू मंडळाच्या देखरेखीखाली चालतो, परंतु तेथले बरेचसे पान सिगारेटसाठी आणि निर्यातीसाठी जाते. व्हर्जिनियातली साखर हीच तिची गोडी आणि हाच तिचा धोका आहे, कारण घाईने ओढल्यास ती तापते आणि जिभेला चटका देते.

बर्ली हे पान हवेशीर शेडमध्ये सावलीत वाळवतात. त्यात साखर जवळजवळ उरत नाही, निकोटिन मात्र बरेच असते. चव सुक्या मेव्याची, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीची, बिनसाखरेच्या कोकोची. हे पान सच्छिद्र असल्याने लावलेला सुगंध चांगला धरून ठेवते, म्हणून अमेरिकी मिश्रणांत ते फार वापरले जाते. ओरिएंटल किंवा तुर्की पाने आकाराने लहान असतात आणि उन्हात वाळवतात. त्यांची चव आंबूस, किंचित मसालेदार आणि सुकलेल्या फुलांच्या जवळ जाणारी असते.

लाताकिया हे या सर्वांत वेगळे. मूळचे ते सीरियाच्या लाताकिया बंदराच्या परिसरातले, पण आज बाजारात येणारे लाताकिया बहुतेक सायप्रसमधले असते. उन्हात वाळवलेले हे पान सुगंधी झुडपांच्या आणि लाकडांच्या धुरावर दीर्घकाळ टांगून काळेभोर करतात. डबा उघडताच धूप, राळ आणि चामडे यांचा एकत्रित वास येतो. काहींना तो तात्काळ आवडतो, काहींना कधीच आवडत नाही. मधली अवस्था मी फारशी पाहिलेली नाही. पेरीक अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात सेंट जेम्स परगण्यात तयार होते. पाने लाकडी पिंपांत दाबून, स्वतःच्याच रसात कित्येक महिने आंबवली जातात. त्यातून मनुका आणि काळी मिरी यांचा मिलाफ असलेली चव येते. ते अगदी थोड्या प्रमाणात मिसळले जाते. त्याचे प्रमाण वाढले की नाकात झिणझिण्या येतात.

कॅव्हेंडिश हे पान नसून प्रक्रिया आहे. व्हर्जिनिया किंवा बर्ली वाफेवर व दाबाखाली ठेवून मऊ, गडद आणि सौम्य केली जाते आणि पुष्कळदा तिला व्हॅनिला, चेरी, रम यांचा सुगंध देतात. या सुगंधी मिश्रणांविषयी माझे मत स्पष्ट आहे : नवख्याने येथून सुरुवात करू नये. सर्वसाधारण सल्ला नेमका उलट मिळतो, कारण खोलीत पसरणारा वास गोड असतो. परंतु तो वास शेजारी बसलेल्याला अधिक आणि ओढणाऱ्याला कमी येतो. शिवाय अशा तंबाखूत ओलावा टिकवण्यासाठी अनेकदा प्रॉपिलीन ग्लायकॉल घातलेले असल्याने ती वाळता वाळत नाही, पाईपमध्ये पाणी सुटते आणि जीभ भाजते. पहिला डबा साध्या बर्लीचा किंवा व्हर्जिनिया-बर्लीचा घ्यावा. त्यानंतर शुद्ध व्हर्जिनिया, मग थोडे पेरीक असलेली व्हर्जिनिया, आणि लाताकिया त्याहीनंतर. लाताकियाची चव इतकी ठळक असते की ती आधी सवयीची झाली तर व्हर्जिनियातले बारकावे फिके वाटू लागतात.

डबा ५० ग्रॅमचा, सीलबंद आणि चित्रमय वैधानिक इशारा छापलेला घ्यावा. २०१६ पासून हा इशारा वेष्टनाच्या मुख्य भागाच्या ८५ टक्के जागेवर असणे बंधनकारक आहे. तो नसलेला माल कोणत्या वाटेने आला आणि किती उन्हाळे गोदामात पडून राहिला, हे सांगता येत नाही.

पाईप

पाईपवर सुरुवातीलाच मोठा खर्च करण्याचे कारण नाही. मक्याच्या कणसाच्या बुरकुंडापासून केलेला पाईप हा चव शिकण्यासाठी उत्तम, कारण तो स्वस्त असतो, धूर कोरडा ठेवतो आणि त्याला फारशा सरावाने तयार करावे लागत नाही. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात वॉशिंग्टन या गावी हे पाईप १८६९ पासून बनत आले आहेत. ब्रायरचा पाईप भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी येणाऱ्या गाठीपासून करतात. तो अधिक टिकतो, पण नवा असताना बाउलच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीच्या, आत कोळशाचा पातळ थर बसेपर्यंत त्याची स्वतःची लाकडी चव तंबाखूत मिसळते. तो थर नाण्याच्या जाडीएवढा राहू द्यावा, त्याहून जाड झाल्यास हलक्या हाताने खरवडावा. लाताकियासाठी आणि सुगंधी मिश्रणांसाठी वेगळा पाईप ठेवावा. त्यांचा वास बाउलमध्ये मुरतो आणि नंतर भरलेल्या प्रत्येक मिश्रणात डोकावत राहतो.

ओलावा : सर्व काही येथे ठरते

डब्यातून निघालेली तंबाखू बहुधा ओढण्याजोगी नसते, ती त्याहून ओली असते. कारखान्यातून ती मऊ राहावी, तुटू नये म्हणून अशीच भरतात. ओढण्यासाठी साधारण १२ ते १४ टक्के ओलावा योग्य समजला जातो, पण घरी हे मोजण्याचे साधन नसते आणि त्याची गरजही नाही. चिमूटभर तंबाखू अंगठा आणि दोन बोटांत घेऊन दाबावी व सोडावी. गोळा तसाच राहिला तर ती ओली आहे. दाबताच चुरा झाला तर ती कोरडी झाली आहे. दाब काढल्यावर ती सावकाश, आळसावल्यासारखी उलगडली आणि बोटांना गार लागली नाही, तर ती तयार आहे. गारवा लागणे हीच ओलाव्याची खरी खूण; ओल्या तंबाखूतले पाणी बोटांच्या उबेने उडू लागते आणि त्वचेला थंडावा जाणवतो.

तंबाखू आसपासच्या हवेतला ओलावा घेते किंवा तिला देते, आणि दोघींचा मेळ बसेपर्यंत हे चालू राहते. म्हणूनच ऋतू बदलला की तोच डबा वेगळा वागतो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या अतिउष्ण नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांवर असताना, कागदावर पातळ पसरलेली रिबन कट (लांब, बारीक धाग्यांसारखी कापलेली) तंबाखू पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटांत तयार होते आणि तासाभरात चुरा होऊ लागते. अशा वेळी ती पंख्याखाली सोडून दुसऱ्या कामाला लागू नये. दर पाच मिनिटांनी चिमूट दाबून पाहावी. एकदा अतिशय कोरडी झालेली तंबाखू भराभर जळते, तापते आणि तिच्यातले सुगंधी तेल उडून गेल्याने चव पोकळ लागते. कूलर चालू असलेल्या खोलीत मात्र गणित उलटते. ताट्यांतून येणारी हवा दमट असते, त्यामुळे तेथे तंबाखू वाळत नाही. मे महिन्यातही कूलरच्या झोतासमोर वाळत घातलेली तंबाखू तासाभरानेही ओलीच सापडते, याचे नवख्याला नवल वाटते, पण कारण एवढेच आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये तर उघड्यावर ठेवलेली तंबाखू वाळण्याऐवजी ओलावा शोषून घेते. तेव्हा वातानुकूलित खोली असल्यास तेथे पसरावी, नसल्यास टेबल-लॅम्पच्या उबेत बशीवर ठेवावी. तव्यावर, ओव्हनमध्ये किंवा गॅसजवळ ठेवू नये. उष्णतेने पाणी जाण्याआधी सुगंध जातो. डिसेंबर-जानेवारीतली नागपूरची हवा या छंदासाठी वर्षातली सर्वांत समंजस हवा आहे. रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरतो, हवा कोरडी पण तापलेली नसते, आणि तंबाखू सावकाश, समप्रमाणात वाळते. नवे मिश्रण पहिल्यांदा चाखायचे असेल तर ते शक्यतो याच दिवसांत चाखावे, म्हणजे पुढे उन्हाळ्यात त्यात काय बिघडले हे कळते.

वाळलेल्या तंबाखूत संत्र्याची साल टाकून ती पुन्हा मऊ करण्याचा सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो, संत्री घरात असतातच. हा उपाय करू नये. सालीतले तेल तंबाखूत कायमचे मुरते आणि दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. त्याऐवजी भांड्यात तंबाखू पसरून, त्यावर किंचित ओलसर, घट्ट पिळलेले स्वच्छ सुती कापड ताणून बांधावे, कापड तंबाखूला टेकू देऊ नये, आणि दर अर्ध्या तासाने तंबाखू वरखाली करून चिमूट दाबून पाहावी.

भरणे आणि पेटवणे

तंबाखू पट्ट्यांच्या स्वरूपात, म्हणजे फ्लेक असेल, तर तळहातांत हलकेच चोळून तिचे धागे सुटे करावेत. पूर्ण भुगा करू नये; जितकी बारीक तितकी जलद जळते. बाउल तीन टप्प्यांत भरावा. पहिल्यांदा काठोकाठ सैल सोडून, पाईप बोटाने टिचकी मारून स्थिर करून, अगदी हलक्या बोटाने अर्ध्यापर्यंत दाबावी. दुसऱ्यांदा पुन्हा काठापर्यंत भरून किंचित अधिक दाबाने तीन चतुर्थांशावर आणावी. तिसऱ्यांदा काठावर थोडी उंच भरून घट्टसर दाबावी. आता न पेटवता एक ओढ घेऊन पाहावी. रिकाम्या पाईपपेक्षा थोडासाच अडथळा जाणवला पाहिजे. गाल आत ओढावे लागत असतील तर सर्व काढून पुन्हा भरणे हाच उपाय आहे. दाबून बसलेली तंबाखू वाटेत सैल होत नाही.

न पेटवलेल्या तंबाखूच्या या पहिल्या ओढीकडे लक्ष द्यावे. मिश्रणाची थंड चव तेथे स्पष्ट मिळते, आणि पुढे धुरातून काय येणार याचा अंदाज येतो.

काडेपेटीची साधी लाकडी काडी उत्तम. काडीचे डोके पूर्ण जळू द्यावे, नंतरच ज्योत बाउलवर आणावी, नाहीतर गंधकाचा वास पहिल्या दोन-तीन झुरक्यांत मिसळतो. ज्योत गोलाकार फिरवत हलक्या ओढी घ्याव्यात. तंबाखूचा पृष्ठभाग फुगून वर येईल आणि काळा पडेल. तो टॅम्परने (तंबाखू दाबायच्या चपट्या साधनाने), नसल्यास खिळ्याच्या चपट्या डोक्याने, वजन न देता समतल करावा आणि दुसऱ्यांदा पेटवावे. ही दुसरी पेटवणीच खरी. जेट लायटर मात्र टाळावा. त्याची ज्योत तंबाखूबरोबर पाईपचा काठही जाळते.

ओढणे आणि चव टिपणे

गरम चहाचा पहिला घोट आपण जसा ओठांनी घेतो, तसा धूर तोंडात घ्यावा. तो छातीत ओढू नये. तोंडात क्षणभर फिरवून सोडावा. नवखे बहुतेक जण पाईप विझेल या भीतीने भराभर ओढतात. विझू द्यावा. अनुभवी लोकांचाही पाईप विझतो आणि पुन्हा पेटवण्यात कमीपणा काहीच नाही. पाईपची वाटी गालाला लावता येणार नाही इतकी तापली असेल, तर तो मुद्दाम विझवून थोडा वेळ बाजूला ठेवणेच योग्य.

चवीतला मोठा भाग जिभेवर नसून नाकात असतो. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू अशा मोजक्या चवी कळतात. मनुका, गवत, कोको, धूप हे सर्व वासाचे प्रदेश आहेत. म्हणून तोंडातला बराचसा धूर बाहेर सोडून उरलेला अगदी थोडा, छातीत न नेता, नाकावाटे सावकाश सोडावा. हे प्रत्येक झुरक्याला करू नये, नाहीतर नाक चुरचुरते. पण मिश्रणात पेरीक आहे की नाही, व्हर्जिनिया पिवळी आहे की तांबूस, हे याच एका श्वासात उलगडते.

एकाच बाउलमध्ये चव बदलत जाते. वरच्या तिसऱ्या हिश्श्यात वरून लावलेला सुगंध आणि व्हर्जिनियाची हलकी बाजू पुढे असते. मध्यावर पानांचा मेळ जमतो. मिश्रण करणाऱ्याचे कसब येथे कळते. तळाशी ओलावा आणि निकोटिन साचल्याने चव जड, कधी कडवट होते. तळातली शेवटची तंबाखू संपवलीच पाहिजे असे नाही, ती काढून टाकावी. मध्येच गुरगुर ऐकू आली तर पाईप क्लीनर, म्हणजे सुताने मढवलेली लवचीक तार, स्टेममधून (तोंडात धरायच्या नळीतून) आत सरकवून पाणी टिपून घ्यावे आणि पुढे चालू ठेवावे. चक्कर, उचकी, मळमळ किंवा घाम आल्यास निकोटिन अधिक झाले आहे. लगेच थांबावे, पाणी प्यावे, गुळाचा खडा तोंडात ठेवावा आणि त्या दिवशी पुन्हा पाईपला हात लावू नये.

उपाशीपोटी पाईप ओढू नये, पण सावजी रश्शाच्या जेवणानंतर लगेचही ओढू नये. त्या मसाल्याने आणि तिखटाने जीभ आधीच पेटलेली असते, आणि मग जो चटका बसतो त्याचा दोष विनाकारण व्हर्जिनियाला दिला जातो. तर्री-पोह्यांबाबतही हेच. वरण-भातासारख्या सौम्य जेवणानंतर तासाभराने, सोबत साधे पाणी किंवा बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा ठेवून बसावे. टपरीवरचा घट्ट दुधाचा चहा जिभेवर साय धरतो आणि चव झाकतो.

जागा घराची गच्ची किंवा अंगण असावी, जेथे लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि धूर नको असलेले कोणीही जवळ नसेल. उपाहारगृहे, कार्यालये, रेल्वे स्थानक अशा सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास २००३ चा कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेले नियम मनाई करतात. फुटाळा तलावाच्या काठावर संध्याकाळी पाईप घेऊन बसण्याची कल्पना आकर्षक वाटते, पण तेथे येणाऱ्या इतरांचा विचार बाजूला ठेवला तरी वाऱ्यावर निखारा भडकतो आणि तंबाखू जळून जाते. चव कळत नाही. उन्हाळ्यात निखारा वाळलेल्या गवतावर झाडू नये. राख धातूच्या भांड्यात काढून त्यावर पाणी घालावे.

साठवण आणि निगा

डबा एकदा उघडला की झाकणाला रबरी वॉशर असलेल्या काचेच्या बरणीत तंबाखू हलवावी. लोणच्याची किंवा मसाल्याची बरणी कितीही धुतली तरी वापरू नये. बरणी माळ्यावर, स्लॅबला लागून असलेल्या कप्प्यात ठेवू नये, कारण उन्हाळ्यात ती जागा भट्टीसारखी तापते. घरातल्या सर्वांत आतल्या खोलीत, कपाटाच्या तळच्या कप्प्यात, अंधारात ठेवावी. व्हर्जिनिया अशी बंद बरणीत काही वर्षे राहिली तर तिची धार जाऊन ती गोल, गडद होते. लाताकियाचा धुरकटपणा काळाबरोबर उतरतो. सुगंधी मिश्रणे ठेवून सुधारत नाहीत. पावसाळ्यात पानांवर पांढरे, लोकरीसारखे काही दिसले आणि कुबट वास आला, तर ती बुरशी आहे. वरचा थर काढून उरलेली वापरण्याचा मोह टाळून सगळी बरणी रिकामी करावी. जुन्या व्हर्जिनिया फ्लेकवर दिसणारे चमकणारे, टोकदार कण मात्र स्फटिक असतात, त्यांना वास नसतो आणि ते बोटाने चोळल्यावर लोकरीसारखे पसरत नाहीत.

पाईप ओढून झाल्यावर पूर्ण थंड होईपर्यंत स्टेम वेगळे करू नये, गरम असताना काढल्यास सांधा सैल होतो किंवा तडकतो. थंड झाल्यावर दोन्ही भागांतून पाईप क्लीनर फिरवावा, बाउल कागदाने पुसावा आणि पाईपला किमान एक दिवस विश्रांती द्यावी. पावसाळ्यात दोन दिवस, आणि तेवढा वेळ एक कोरडा क्लीनर शँकमध्ये (बाउलला जोडलेल्या लाकडी नळीत) तसाच ठेवावा, म्हणजे आत मुरलेले पाणी तो ओढून घेतो.